बर्फांतील बंब

आग विझविण्यास भरपूर पाणी असलें म्हणजे झालें, अशी उष्ण देशांत राहणाऱ्या आपणां लोकांची सामान्य समजूत असते. परंतु ज्या देशांत हिंवाळ्यामध्यें पाणी नळींतल्या नळींत गोठतें, तेथें बंबवाल्यांस एकाच वेळीं दोन शत्रूंशीं झगडावें लागतें. ह्याचें उदाहरण म्हणून न्यूयॉर्क शहरांतील ता. ९ जानेवारी १९१२ ची आग वाचकांपुढें ठेवितों.

ब्रॉडवे रस्त्यावर इक्विटेबल नांवाच्या विमा कंपनीची टोलेजंग इमारत १८७० सालीं बांधून पुरी झाली होती. तिला आग बाधणार नाहीं, असा तिचा लौकिक! त्या दिवशीं पहांटे पांच वाजून गेल्यावर तळघरांतील एका उपाहारगृहाच्या कचेरींत कोणीं कागदाच्या टोपलींत पेटती काडी टाकली, आणि लिफ्टच्या पोकळींतून ज्वाळा पाहतां पाहतां वर चढल्या.

त्या काळचे बंब घोडे ओढीत. गाडीवर उभा बॉयलर, त्याखालीं कोळशाची भट्टी. वाफेनें दट्ट्या हालला म्हणजे पंप पाणी फेंकी. आगीच्या जागीं पोंचतांच वाफ तयार असावी म्हणून बॉयलरांतील पाणी ठाण्यांतहि कढत ठेवीत. कडाक्याच्या थंडींत नळीचें तोंड फार वेळ बंद ठेवण्याची सोय नसे. पाणी थांबलें कीं गोठलेंच. त्या सकाळीं वाराहि सोसाट्याचा होता. फवाऱ्याचें पाणी भिंतींवर, शिड्यांवर, बंबवाल्यांच्या अंगरख्यांवर बर्फ होऊन बसे. पुलावरून ब्रुकलिनचे बंबहि मागवावे लागले. छपरावर अडकलेल्या नोकरांपर्यंत मात्र शिड्या पोंचल्या नाहींत, व ते बिचारे प्राणांस मुकले.

विल्यम गिब्लिन हे त्याच इमारतींतील एका तिजोरी-कंपनीचे अध्यक्ष. महत्त्वाचीं कागदपत्रें काढण्यास ते तिजोरीखान्यांत गेले आणि आंतच कोंडले गेले. रस्त्याच्या बाजूच्या खिडकीस जाड पोलादी गज होते. सेनेका लार्क नामक बंबवाल्यानें लोखंड कापण्याची करवत घेऊन ते गज कापण्यास आरंभ केला. वरून इमारत ढासळत होती, अंगावर पडलेलें पाणी गोठत होतें, आणि हा मनुष्य तासाहून अधिक वेळ एकेक गज कापीत राहिला! पेटलेल्या घरांत कागदांसाठीं शिरणें आमच्या मतें शहाणपणाचें नव्हे. पण लार्कनें तो हिशेब केला नाहीं. गिब्लिनसाहेब जिवंत बाहेर आले.

बंबवाल्यांच्या एका तुकडीचे प्रमुख विल्यम वॉल्श ह्यांच्या नशिबीं तें नव्हतें. ते आंत असतांच मजले कोसळले. आगींत एकंदर सहा जणांचे प्राण गेले. इमारतीचा सांगाडा बर्फानें पूर्ण मढून गेला होता, व वॉल्श ह्यांचा देह कांहीं दिवसांनीं त्या ढिगाऱ्यांतून काढण्यांत आला. तिजोऱ्या उघडल्या तेव्हां आंतील रोखे सुरक्षित होते.