काटे कोणी जाळले?

१९१८ साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात मोठा दुष्काळ पडला. रानात गवताची काडी उरली नाही, तेव्हा निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांपुढे टाकण्यात आला. त्या मुलखातील एका बाईंनी पुढे १९५४ साली आपल्या घराण्याचा आणि प्रदेशाचा इतिहास लिहिला. ‘आम्ही त्यांना निवडुंग चारला’ अशा अर्थाचे नाव त्यांनी त्या इंग्रजी पुस्तकाला दिले. बाईंचे नाव फाबिओला काबेसा दे बाका गिल्बर्ट. खेड्यातील शिक्षिका, रँचवाल्या घरातील लेक, तीस वर्षे सरकारी सेवक. आयुष्य सत्त्याण्णव वर्षांचे.

चळवळीतील मित्र विचारतील की, मोठ्या चराऊ रानांच्या मालकाच्या या लेकीशी आपला काय संबंध? संबंध त्या ‘आम्ही’ या शब्दाशी आहे. आमच्या गावच्या एका मोठ्या घराण्याने काही वर्षांपूर्वी स्मरणिका काढली. तीत १९७२ च्या दुष्काळाविषयी एक वाक्य आहे : त्या साली आम्ही एकही जनावर दगावू दिले नाही. माझा आजा त्या घरी सालगडी होता. दोन कोसांवरून पिंपाने पाणी वाहणारा तो, दावणीची जनावरे त्यांची. आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरात अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी होत होत्या. स्मरणिकेत आजाचे नाव नाही. म्हणून बाईंचे पुस्तक हाती आले तेव्हा पहिल्या पानापासून मी एकच गोष्ट शोधत होतो. काटे जाळले कोणी?

बाईंचा जन्म १८९४ चा, लास वेगासजवळच्या ला लिएंद्रे या वस्तीतला. (हे लास वेगास जुगाराचे नव्हे, न्यू मेक्सिकोतील मेंढ्या-गुरांच्या मुलखातले जुने गाव.) चार वर्षांच्या असताना आई गेली, आजीने वाढवले. घराणे स्पॅनिश वळणाच्या जमीनदारांचे. पूर्वज लुइस मारिआ यांना १८२० च्या दशकात लास वेगासच्या परिसरात मोठी जमीन मिळाली होती. कोमांची आणि अपाची या मूळ रहिवाशांचा वावर असलेल्या मुलखातली ती जमीन. त्यांना कोणी विचारले नव्हते. १८४८ च्या तहाने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. मालमत्तेचे हक्क जपू, असे तहात वचन होते. पण वकील, मोजणीदार आणि न्यायालये यांच्या हातून स्पॅनिश बोलणाऱ्या गावांच्या सामाईक जमिनी मोठ्या प्रमाणावर गेल्या.

मात्र सर्वांचे सारखेच गेले, असे समजू नये. लास वेगासच्या जमिनीवर गावकऱ्यांचाही दावा होता, म्हणून १८६० साली अमेरिकी काँग्रेसने लुइस मारिआंच्या वारसांना बदल्यात दुसरीकडे सुमारे पाच लाख एकर जमीन पाच तुकड्यांत निवडून घेण्याची मुभा दिली. ती फार काळ त्यांच्या हाती टिकली नाही, हा भाग वेगळा. आपल्याकडे १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले, तेव्हा पिढ्यान्पिढ्या राबून राखलेली जमीन परत मिळवायला कब्जेहक्काची रक्कम भरावी लागली. वतन-वतनात फरक असतो, तो असा.

आणि ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचे काय? त्या मुलखात ‘पार्तिदो’ नावाची रीत होती. मालकाने मेंढ्या द्यायच्या, गरिबाने त्या राखायच्या, दरसाल ठरलेली कोकरे किंवा लोकर मालकाला घालायची आणि मुदत संपली की दिल्या तेवढ्या मेंढ्या मोजून परत करायच्या. आपल्या वस्त्यांत अर्धलीने शेळ्या राखणाऱ्या बायांना ही रीत समजावून सांगायला नको. लांडग्याने नेल्या, हिवाळ्यात गारठून मेल्या, तरी तोटा राखणाऱ्याचा. कर्जापायी राबणे तर तेथे इतके रुजले होते की १८६७ साली अमेरिकेने ते बंद करण्याचा कायदा केला त्यात न्यू मेक्सिकोचे नाव घेऊन उल्लेख करावा लागला. आपला वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. बाईंचा जन्म व्हायच्या चार-पाच वर्षे आधी, १८८९-९० मध्ये, त्यांच्याच सान मिगेल परगण्यात ‘पांढऱ्या टोप्या’ घातलेल्या गरीब शेतकऱ्यांनी रात्री निघून सामाईक रानांना घातलेली तारेची कुंपणे तोडली होती. असा हा धगधगता परगणा. पुस्तकात मात्र मालक आणि चाकर यांचे नाते बरेचसे मायेचे, बापलेकासारखे दिसते. मायेचे वर्णन नेहमी मालकाच्या बाजूनेच लिहिलेले असते.

एवढे म्हणून मी थांबू शकलो असतो. माझ्या पिढीला ते सोपेही जाते. पण पुढचे आयुष्य तसे थांबू देत नाही.

१९१३ साली अध्यापनाचे प्रमाणपत्र घेतलेल्या या बाई १९१६ साली एका खेडेगावच्या शाळेत शिकवू लागल्या. मुले वेगवेगळ्या समाजांची, क्रमिक पुस्तके इंग्रजी, कित्येकांच्या घरची भाषा स्पॅनिश. बाई दोन्ही भाषांत शिकवीत. घरची भाषा वर्गाबाहेर ठेवून आत यावे लागलेल्या माझ्यासारख्याला याचे मोल कळते. १९२१ साली त्या पदवीधर झाल्या, १९२९ साली गृहविज्ञानाची दुसरी पदवी घेतली आणि त्याच वर्षी कृषी विस्तार सेवेत रुजू झाल्या. १९५९ पर्यंत तेच काम.

काम म्हणजे उत्तर न्यू मेक्सिकोच्या डोंगरी गावांत जायचे. बायांना भाज्या-फळे डबाबंद करणे, शिवण, परसबाग, कोंबड्या पाळणे शिकवायचे. १९३२ साली त्यांच्या मोटारीला आगगाडीची धडक बसून एक पाय गेला. लाकडी पाय लावून त्या पुन्हा त्याच रस्त्यांना लागल्या. प्वेब्लो आदिवासींच्या गावांत काम करायचे म्हणून तेवा आणि तिवा या त्यांच्या बोली शिकल्या. १९३४ आणि १९३५ साली अन्न आणि अन्न टिकवणे यांवर त्यांच्या दोन पुस्तिका निघाल्या, त्या स्पॅनिशमध्ये. वाचणाऱ्या बाईच्या भाषेत सरकारी कागद निघणे ही गोष्ट किती दुर्मिळ आहे, हे तलाठी कार्यालयात उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे.

सरकारी उपदेशाला मर्यादा होत्याच. मिरची, मका, मांस उन्हात वाळवून ठेवण्याची विद्या त्या बायांकडे पिढ्यान्पिढ्या होती. काचेच्या बरण्या आणि प्रेशर कुकर यांना रोख पैसा लागे. पण बाईंनी गावच्या अन्नाला मागास म्हणून मोडीत काढले नाही. ते मोजून-मापून लिहून ठेवले. त्यांची १९३९ ची पाककृतींची पुस्तिका त्यातूनच निघाली. १९५१ साली युनेस्कोने त्यांना मेक्सिकोतील पात्स्कुआरो येथे पुरेपेचा आदिवासींमध्ये असेच काम उभारायला पाठवले. निवृत्तीनंतरही त्या तरुण स्वयंसेवकांना शिकवीत राहिल्या. १९९१ साली वारल्या.

चिकानो चळवळीतील समीक्षकांनी त्यांच्यावर जमीनदारीच्या आठवणी गोंजारल्याचा ठपका ठेवला. स्त्रीवादी अभ्यासकांनी पुढे बचाव केला. मला ठपका खरा वाटतो, आणि तीस वर्षांची पायपीटही खरी वाटते. एकाने दुसरे खोडले जात नाही. उजवी-डावी बाजू जुळवून शून्य काढायला हा सावकाराचा खतावणीचा कागद नव्हे.

पुस्तकातील एक गोष्ट मात्र मला सोडत नाही. जुन्या काळाच्या कितीतरी हकीकती बाईंनी रँचवरच्या स्वयंपाक्याच्या तोंडून सांगितल्या आहेत. घरचा इतिहास त्याला मालकांपेक्षा जास्त ठाऊक. ‘एल कुआते’ म्हणून तो वावरतो. या शब्दाचा अर्थ जुळा. बोलणे त्याचे, लेखणी बाईंची. आपल्या आत्मकथनांनी हीच लेखणी हिसकावून घेतली. त्या पुस्तकात ती मालकाच्या घरीच राहिली, पण आवाज पुरता दाबता आला नाही.

हे सारे मी गेल्या सत्रात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, काटे त्या स्वयंपाक्यानेच जाळले असतील.” तिचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी वर्गाला काम दिले : आपापल्या वस्तीतील १९७२ लिहून आणा, पाणी कोणी वाहिले, खडी कोणी फोडली, माणसांच्या नावांसकट. बावीस वह्या आल्या आहेत. तिची यायची आहे. तिची आजी सध्या फडावर आहे.