गंगाधरपंतांच्या खिशातले पान आणि भाऊसाहेबांचा तोतया

१/ माणसाच्या स्मृतीत शिरून तिचा माग काढता आला, तर इतिहासातील किती कोडी सुटतील? विज्ञानकथांचा हा आवडता प्रश्न. मराठीत त्याला सामोऱ्या जाणाऱ्या दोन कथा आहेत. एक कल्पित, दुसरी घडलेली. दोन्हींचा उगम एकाच दिवशी आहे : १४ जानेवारी १७६१, पानिपत.

२/ आधी कल्पित कथा. डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचे नायक प्रा. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतचा निकाल वेगळा लागला असता तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते एका निराळ्याच जगात पोहोचतात. तेथे मराठे पानिपत जिंकलेले असतात.

३/ तेथील मुंबईत पंत टाउन हॉलमधील ग्रंथालय गाठतात आणि स्वतःच लिहिलेला इतिहासग्रंथ उघडतात. आरंभीचे खंड त्यांना आठवतात तसेच आहेत. शेवटच्या खंडात मात्र पानिपतपासून वाट फुटते. तेथील बखरीनुसार विश्वासरावांना लागणारी गोळी त्यांना चाटून निघून जाते. पंतांच्या मूळ जगात त्याच गोळीने विश्वासरावांचा प्राण घेतला होता.

४/ पंत आपल्या जगात परततात तेव्हा त्यांची गोष्ट ऐकणाऱ्याला सोपे स्पष्टीकरण सुचते : डोक्याला मार लागला, भ्रम झाला. तेवढ्यात पंत खिशातून त्या बखरीचे एक फाटके पान काढतात. मित्र राजेंद्र देशपांडे विचारात पडतो आणि पुंजभौतिकीच्या आधारे उत्तर शोधू लागतो. केवळ आठवणीवर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते. कागद पुढे येताच सारे पालटले.

५/ नारळीकरांना पुराव्याची ही शिस्त अंगवळणी होती. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने धाडली. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव सिद्ध झाले होते. हस्ताक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातची लिहिलेली होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पारख नावाची न होता मजकुराची व्हावी, हा त्यामागचा हेतू.

६/ आता घडलेली कथा. पानिपतावर अठरा वर्षांचे विश्वासराव पडले. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला. युद्धानंतर शिर नसलेला एक देह अंगावरील खुणांवरून भाऊसाहेबांचा म्हणून ओळखला गेला. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने ही हकिकत लिहून ठेवली आहे. ही ओळखही अखेर कुणाच्या तरी आठवणीवरच आधारलेली होती.

७/ पुण्यात मात्र संशयाला जागा राहिली. नानासाहेब पेशवे त्याच वर्षी, २३ जून १७६१ रोजी, पर्वतीवर निवर्तले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू मान्य केला नाही. त्यांनी सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. राज्यकर्त्या घराण्यातच शोक अपुरा राहिला, तर रयतेने तरी तो पुरा कसा करावा?

८/ या अपुऱ्या शोकातूनच तोतया अवतरला. सुखनिधान नावाचा हा कनोजी ब्राह्मण स्वतःस भाऊसाहेब म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीतच तो धरला गेला, त्याची चौकशी झाली आणि त्याची रवानगी कैदेत झाली. प्रकरण येथेच संपायला हवे होते.

९/ ते संपले नाही, कारण काळ बदलला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. गादीवर तान्हे मूल, कारभार बारभाईंच्या हाती, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला. अशा वेळी पानिपतचा सेनापती जिवंत आहे, ही बातमी अनेकांना खरी असावीशी वाटली.

१०/ १७७६ मध्ये रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने कैदेतील या ‘भाऊसाहेबां’ना मोकळे केले. माणसे जमली, कोकणातील किल्ले हाती आले, बंड घाटापर्यंत येऊन भिडले. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी ते मोडले. समुद्रमार्गे निसटू पाहणारा तोतया रघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

११/ या चौकशीचा गाभा काय असणार, हे उघड आहे. छायाचित्र नाही, बोटांचे ठसे नाहीत. माणूस कोण, हे ठरवायचे चेहऱ्यावरून, अंगावरील खुणांवरून आणि त्याला काय आठवते यावरून. ज्यांनी भाऊसाहेबांना जवळून पाहिले होते ते साक्षीदार हयात होते. त्यांनाही पंधरा वर्षे जुन्या आठवणींवरच विसंबायचे होते. एका स्मृतीची परीक्षा दुसऱ्या स्मृतीने घ्यायची, असा तो पेच.

१२/ हा पेच फ्रान्समध्ये १५६० साली अधिक तीव्र झाला होता. मार्टिन गेर हा शेतकरी घर सोडून गेला. काही वर्षांनी आर्नो द्यू तिल नावाचा माणूस मार्टिन म्हणून आला आणि मार्टिनच्या पत्नीसह संसार करू लागला. न्यायालयात त्याला जुन्या गोष्टी बिनचूक आठवत. निकाल त्याच्या बाजूने झुकत असता खरा मार्टिन लाकडी पाय घेऊन हजर झाला. गंमत अशी, की काही गोष्टी खऱ्या मार्टिनला तोतयाइतक्याही नीट आठवल्या नाहीत.

१३/ आधुनिक मानसशास्त्राला याचे नवल वाटत नाही. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटार-अपघाताच्या चित्रफिती दाखवल्या. प्रश्नातील क्रियापद सौम्य की जोरदार, एवढ्यावरून लोकांना आठवणारा वेग बदलला. जोरदार शब्द ऐकलेल्या अधिक जणांना फुटलेल्या काचाही ‘आठवल्या’. चित्रफितीत काच फुटलीच नव्हती. प्रत्येक वेळी आठवताना मन ती घटना नव्याने रचते.

१४/ समूहाची स्मृतीही अशीच निवड करते. ‘प्रतापगड’ म्हणताच साऱ्या महाराष्ट्राला जावळी आणि १६५९ सालची अफजलखानाची भेट आठवते. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातही एक प्रतापगड आहे. तेथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. नाव तेच, पण परिसर, राजवटी आणि भूतकाळ सर्वस्वी निराळे. परिसरातल्या माणसांसाठी तोच पहिला प्रतापगड, उरलेल्यांच्या स्मृतीत त्याला जागाच नाही. नुसत्या नावावर विसंबणारा अभ्यासक एकाचा इतिहास दुसऱ्याच्या माथी सहज मारील.

१५/ पंतांची आठवण खरी होती, तरी तिच्यावर विश्वास बसला नाही. सुखनिधानाचा दावा खोटा होता, तरी त्यासाठी माणसे लढली आणि मेली. म्हणजे आठवणीचा खरेपणा आणि तिच्यावरचा विश्वास यांचा परस्परसंबंध फार सैल आहे. लोकांना काय ऐकायचे आहे, यावरच विश्वास अधिक अवलंबून असतो.

१६/ म्हणून बखरी टाकाऊ ठरत नाहीत. पानिपतनंतर लिहिलेल्या बखरींत तारखा चुकतील, संवाद रचलेले असतील. पण पराभव पचवताना समाजाला काय वाटले, ते तेथेच सापडते. तोतयाचे बंड याची साक्ष आहे : पंधरा वर्षांनंतरही हजारो लोकांच्या मनात ती लढाई संपली नव्हती. घडले काय, हे समकालीन पत्रांना विचारावे. वाटले काय, हे बखरींना विचारावे.

१७/ आणि पार्वतीबाई? त्यांच्या बाजूने पुरावा नव्हता, केवळ आशा होती. त्या आशेचा आधार घेऊन कोणीही उठून ‘मी तुमचा पती’ म्हणू शकत होता, आणि एकाने तसे म्हटलेही. इतरांसाठी ते बंड होते. त्यांच्यासाठी तो पानिपतचा दुसरा दिवस होता. स्मृतीच्या शोधात निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानी ठेवावी : ज्या आठवणीची आपण परीक्षा घेतो, ती कुणाची तरी जगण्याची जागा असते.