मैदानांची वाट : मुंबईच्या कोटाबाहेरील मोकळ्या भूमीचा इतिहास

मुंबईतील आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज ही मैदाने मूळच्या एकाच एस्प्लनेडचे अवशेष होत. कोटाच्या तटावरून तोफांचा मारा निर्वेध व्हावा, म्हणून ही भूमी मोकळी राखण्यात आली होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला आणि तिचे लष्करी प्रयोजन संपले.

आझाद मैदानाकडून दक्षिणेस पायी निघालेल्या अभ्यासकास हे स्थित्यंतर क्रमाने दिसते. ओव्हलच्या पूर्वेस उच्च न्यायालय व राजाबाई मनोरा या १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या गॉथिक वास्तू आहेत. पश्चिमेस बॅकबेच्या भरावभूमीवर १९३० च्या दशकात उभारलेल्या आर्ट डेको इमारती आहेत. या वास्तुसमूहास २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा लाभला.

तथापि मोकळी जागा आपोआप टिकत नाही. ओव्हलच्या दुरवस्थेविरुद्ध १९९० च्या दशकात रहिवाशांना न्यायालयात दाद मागावी लागली. दोन्ही शैली समोरासमोर दिसतात, त्या मधल्या मैदानामुळेच. म्हणून वास्तूंइतकेच मैदानाचे जतनही महत्त्वाचे ठरते.