प्रातिनिधिक दायित्व

प्रातिनिधिक दायित्व हे अपकृत्यविधीतील एक तत्त्व आहे. या तत्त्वानुसार एका व्यक्तीच्या अपकृत्याबद्दल तिच्याशी विशिष्ट नाते असलेली दुसरी व्यक्ती, स्वतःचा दोष नसतानाही, नुकसानभरपाई देण्यास जबाबदार ठरते. मालक व नोकर हे या नात्याचे प्रमुख उदाहरण होय. प्रमुख व अभिकर्ता, तसेच भागीदारी संस्था व भागीदार यांनाही हे तत्त्व लागू होते. इंग्लंडच्या कॉमन लॉमध्ये विकसित झालेले हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी स्वीकारले आहे.

तात्त्विक आधार

नोकराच्या श्रमाचा लाभ मालकास मिळतो, म्हणून त्या कामातून उद्भवणारी जोखीमही त्यानेच उचलावी, असा यामागील विचार आहे. शिवाय नोकराकडून भरपाई वसूल होणे बहुधा अशक्य असते. मालक मात्र विमा उतरवून तो भार पेलू शकतो. नोकराची स्वतःची जबाबदारी यामुळे संपत नाही. दोघेही संयुक्तपणे दायी असतात.

आवश्यक घटक

नोकराच्या हातून अपकृत्य घडलेले असावे आणि ते नोकरीच्या ओघात घडलेले असावे लागते. सोलापूरहून मैंदर्गीस मालकाचा माल पोहोचविताना ट्रकचालकाने हयगयीने कोणास धडक दिल्यास मालक दायी ठरतो. माल उतरवून तो केवळ खासगी कामासाठी भलत्याच गावी गेला व तेथे अपघात झाला, तर मालक सामान्यतः दायी नसतो. मात्र मालकाने मनाई केली होती, एवढ्याने दायित्व टळत नाही. इंग्लंडमधील लिंपस खटल्यात (१८६२) मनाई असूनही प्रतिस्पर्धी बसशी शर्यत लावणाऱ्या चालकाच्या कृत्याबद्दल कंपनीस जबाबदार धरण्यात आले. स्वतंत्र कंत्राटदाराच्या अपकृत्याबद्दल त्यास काम देणारा सहसा दायी नसतो.

भारतातील प्रमुख निर्णय

सीताराम मोतीलाल कलाल खटल्यात (१९६६) टॅक्सीच्या क्लीनरने वाहन परवान्याची चाचणी देताना अपघात केला. हे काम मालकाचे नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने त्यास दायी धरले नाही. पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग खटल्यात (१९७७) व्यवस्थापक कंपनीच्या कामासाठी नागपूरहून पांढुर्ण्यास कंपनीची मोटार नेत असता सोबतचा प्रवासी अपघातात मरण पावला. येथे कंपनी दायी ठरली. स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी खटल्यात (१९७८) ओळखीपोटी बँक कर्मचाऱ्याच्या हाती दिलेल्या रकमेचा अपहार झाला. ती रक्कम त्याने बँकेच्या कामाच्या ओघात स्वीकारली नसल्याने बँक दायी ठरली नाही.

राज्याचे दायित्व

राजस्थान राज्य विरुद्ध विद्यावती खटल्यात (१९६२) सरकारी जीपच्या चालकाच्या हयगयीबद्दल राज्य दायी ठरले. कस्तुरीलाल खटल्यात (१९६५) मात्र पोलिसांच्या ताब्यातील सोने नाहीसे होऊनही, जप्ती हे सार्वभौम कार्य असल्याच्या कारणावरून राज्याची सुटका झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९६) हा निर्णय महत्त्वाचा आहे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय रुग्णालयात प्रसूतीनंतर नसबंदीची शस्त्रक्रिया करताना एका स्त्रीच्या पोटात टॉवेल राहिला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत तो काढण्यात आला, तरी त्याच महिन्यात तिचा मृत्यू झाला. कनिष्ठ न्यायालयाने मंजूर केलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. रुग्णालयातील हयगयीने मृत्यू झाल्याचे सिद्ध झाले असता, नेमक्या कोणत्या डॉक्टरने वा कर्मचाऱ्याने ती केली हे निर्णायकपणे सिद्ध झाले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असाही निर्वाळा दिला. संस्थेच्या बंद दाराआड काय घडले हे पीडित कुटुंबास क्वचितच कळते. त्यामुळे या निर्णयाने प्रातिनिधिक दायित्वाचे व्यावहारिक महत्त्व अधोरेखित झाले. हा न्याय मिळण्यास मात्र घटनेनंतर सुमारे ३३ वर्षे लागली.