ऑस्ट्रेलियाची सीमाबंदी (२०२०–२२)

कोविड-१९च्या साथीत ऑस्ट्रेलियाने सुमारे दोन वर्षे लागू ठेवलेली प्रवेशबंदी व निर्गमनबंदी. २० मार्च २०२०च्या रात्री ९ वाजल्यापासून नागरिक, कायम रहिवासी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय यांच्याखेरीज इतरांना देशात येणे बंद झाले. पाच दिवसांनी नागरिकांनाही परवानगीशिवाय देश सोडण्यास मनाई झाली. लोकशाही देशांत असा निर्बंध विरळाच.

साथ रोखण्यात बंदीचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. २०२१अखेर तिथले कोविडमृत्यू सुमारे सव्वादोन हजार होते. त्याची किंमत मात्र घरोघरी वेगवेगळी मोजावी लागली. ‘जवळचे कुटुंबीय’ या व्याख्येत मुख्यतः जोडीदार आणि अवलंबून असलेली मुले बसत; प्रौढ नागरिकाचे आईवडील बसत नसत. मेलबर्न-सिडनीतल्या कितीतरी मराठी घरांत बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला आई महाराष्ट्रातून येते, ती परतली की सासूबाई येतात. कायद्याच्या लेखी या दोघीही कुटुंबाबाहेरच्या ठरल्या. उलट दिशेने, इकडे आजारी पडलेल्या वडिलांकडे निघण्यासाठी मुलाला अर्ज करून मंजुरीची वाट पाहावी लागे, आणि निघाल्यावर परत कधी येता येईल याची शाश्वती नसे.

कारण परतीची वाटही अरुंद होती. जुलै २०२०पासून येणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा आली. वर्षभराने ती आणखी निम्मी, आठवड्याला सुमारे ३ हजारांवर आणली गेली. वर १४ दिवसांचे हॉटेलातले विलगीकरण. न्यू साउथ वेल्समध्ये त्याचे प्रत्येक प्रौढामागे ३,००० डॉलर पडत.

सर्वांत कठोर आदेश भारताबाबत निघाला. दुसऱ्या लाटेत इथे ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना, ३ मे २०२१पासून, आधीच्या १४ दिवसांत भारतात राहिलेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकानेही मायदेशी पाऊल ठेवणे गुन्हा ठरले. शिक्षा होती ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड. परतू इच्छिणारे सुमारे ९ हजार जण तेव्हा भारतात अडकले होते. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये साथ शिगेला असताना तिथून येणाऱ्यांना असा धाक घातला गेला नव्हता. त्यामुळे भेदभावाचा आरोप झाला, आणि तो रास्त होता. आदेश १५ मे रोजी संपला. त्यानंतर दिल्लीहून डार्विनला गेलेल्या पहिल्या विमानात जागा मिळालेल्या सुमारे १५० जणांपैकी ७०हून अधिक जणांना, ते बाधित किंवा बाधितांच्या संपर्कातले म्हणून, मागेच ठेवले गेले.

देशांतर्गत सीमाही बंद होत्या. कूलंगाट्टा आणि ट्वीड हेड्स ही वास्तविक एकच वस्ती, पण मधून राज्यसीमा जाते. तिथे नातलग रस्त्यातल्या प्लास्टिकच्या अडथळ्यांपलीकडून एकमेकांना भेटत.

१ नोव्हेंबर २०२१ रोजी लसीकरण झालेल्यांसाठी निर्गमनबंदी उठली आणि आईवडिलांची गणना कुटुंबात झाली. बंदीच्या आरंभी जन्मलेली नातवंडे तोवर चालू-बोलू लागली होती. लसीकरण झालेल्या इतर प्रवाशांना २१ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रवेश मिळाला. पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्याने आपली सीमा ३ मार्चला खुली केली.