तिसरा पर्याय कुठे गेला?

नवीन फोन घ्यायचा म्हटलं की आज प्रश्न एकच असतो: अँड्रॉइड की आयफोन? आपल्याकडे बहुतेक घरांत तर तेवढाही नसतो. खिशाला परवडतं ते अँड्रॉइड, विषय संपला.

पण २०११ च्या सुरुवातीला हाच प्रश्न विचारला असता तर या दोघांशिवाय आणखी नावं आली असती. नोकियाचं सिंबियन, ब्लॅकबेरी, मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन, पामचं वेबओएस, सॅमसंगचं बाडा. दहा-अकरा वर्षांत ही सगळी गेली. "चांगली नव्हती म्हणून गेली" हे सोपं उत्तर आपण सगळेच देतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला हवं, कारण आज सरकारी कामं एकेक करून ॲपवर चालली आहेत आणि त्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

बाजार कुठे भरतो

आधी नोकिया. १८६५ साली फिनलंडमध्ये कागदाच्या लगद्याची गिरणी म्हणून सुरू झालेली ही कंपनी २००० नंतरच्या दशकात जगातली सगळ्यात मोठी मोबाइल कंपनी होती. टॉर्चवाला ११०० आठवत असेलच. जगभरात त्याचे २५ कोटी फोन विकले गेले. २००६ मध्ये चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना सुरू झाला. आपल्या कितीतरी गावांत तेव्हा मोबाइल म्हणजे नोकिया.

नोकियाच्या स्मार्टफोनवर सिंबियन चालायचं. त्याचं मूळ सायन या ब्रिटिश कंपनीच्या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकांत होतं. १९९८ मध्ये सायन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन कंपनी काढली. मेमरी कमी, बॅटरी छोटी, प्रोसेसर मंद, अशा काळासाठी बनवलेली ही प्रणाली त्या कामात हुशार होती. २०१० सालीही जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोनपैकी एक तृतीयांशाहून जास्त सिंबियनवाले होते. म्हणजे बुडणारं जहाज वगैरे काही नाही, आकड्यांत ते सगळ्यात पुढे होतं.

मग अडलं कुठे? आयफोन २००७ मध्ये आला, पण तेव्हा त्यावर बाहेरच्या कुणाचं ॲप टाकायची सोयच नव्हती. खरी उलथापालथ झाली जुलै २००८ मध्ये, ॲपलने ॲप स्टोअर उघडलं तेव्हा. पहिल्या दिवशी ५०० ॲप होते. त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला, तोही स्वतःचा बाजार घेऊनच.

आठवडी बाजाराचं गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. गिऱ्हाईक तिथे जातं जिथे दुकानं जास्त, आणि दुकानदार तिथे पाल टाकतो जिथे गिऱ्हाईक जास्त. एकदा एका गावचा बाजार मोठा झाला की शेजारच्या गावचा आपोआप ओस पडतो, तिथली भाजी कितीही ताजी असो. फोनचं तेच झालं. सिंबियनवरही प्रोग्रॅम होते, पण ते लिहिणं किचकट, वेगवेगळ्या मॉडेलवर चालवून बघणं त्याहून किचकट, आणि विकायला नीटशी एक जागा नाही. प्रोग्रॅम लिहिणारी पोरं हळूहळू दुसऱ्या बाजाराला निघाली.

११ फेब्रुवारी २०११

सप्टेंबर २०१० मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टमधून स्टीफन एलॉप यांना प्रमुख म्हणून आणलं. कॅनडाचा माणूस, नोकियाचा पहिला बिगर-फिनिश प्रमुख. काही महिन्यांत त्यांनी कर्मचाऱ्यांना एक पत्र लिहिलं आणि ते फुटलं. समुद्रातल्या जळत्या तेलफलाटावर उभा असलेला माणूस खाली गोठलेल्या पाण्यात उडी मारतो, तशी आपली अवस्था आहे, असा त्याचा सूर होता.

उडी मारायची हे ठरलं. पण कुठे? समोर चार वाटा होत्या. सिंबियनच रेटत राहणं. इंटेलबरोबर सुरू केलेलं मीगो पूर्ण करणं. अँड्रॉइड घेणं. किंवा मायक्रोसॉफ्टचं विंडोज फोन घेणं.

मीगो स्वतःचं होतं, पण एकामागून एक फोन काढता येतील इतकं तयार नव्हतं. अँड्रॉइड तयार होतं, पण तिथे सॅमसंग, एचटीसी, मोटोरोला आधीच बसलेले. त्या गर्दीत नोकिया आणखी एक दुकान होणार, आणि अब्जावधी डॉलर मोजून घेतलेली नकाशांची कंपनी गूगल मॅप्सपुढे कोपऱ्यात जाणार. मायक्रोसॉफ्टकडे मात्र फोन बनवणारा मोठा भिडू नव्हता, त्यामुळे तिथे मान होता आणि पैसाही. पुढे दर तिमाहीला २५ कोटी डॉलर नोकियाला मिळू लागले.

११ फेब्रुवारी २०११ ला लंडनमध्ये एलॉप आणि मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांनी हातमिळवणी जाहीर केली. त्याच दिवशी नोकियाचा शेअर साधारण १४ टक्के कोसळला.

आज मागे वळून एलॉप यांना वेड्यात काढणं सोपं आहे. पण कागदावर हा निर्णय अगदीच वेडा नव्हता. घात झाला तो क्रमात. नोकियाने आधी सांगून टाकलं की सिंबियनचे दिवस भरले, आणि वर हेही सांगितलं की अजून १५ कोटी सिंबियन फोन विकायचे आहेत. पहिला लुमिया दुकानात आला नोव्हेंबरमध्ये. मधले नऊ महिने गिऱ्हाइकाने काय करायचं? जे जाणार हे कंपनीच सांगतेय ते कोण घेणार? गिऱ्हाईक गेलं अँड्रॉइडकडे. त्याच वर्षी मीगोवरचा एन९ हा फोन आला, जाणकारांनी तोंडभरून कौतुक केलं, पण त्याचं भविष्य फेब्रुवारीतच ठरलं होतं.

त्यावर कडी म्हणजे जून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केलं आणि सांगितलं की आधीच्या लुमियांना ते मिळणार नाही. ज्यांनी विश्वास टाकून सुरुवातीला फोन घेतला, तेच आधी वाऱ्यावर.

चांगला फोन, पण ॲप नाही

ज्यांनी लुमिया ५२० वापरलाय ते आजही त्याची आठवण काढतात. दहा हजारांच्या आसपासचा फोन, ५१२ एमबी रॅम, आणि तरी लोण्यासारखा चालायचा. त्याच किमतीतले तेव्हाचे अँड्रॉइड अडखळायचे.

पण ॲप? ते एकतर नसायचे, नाहीतर उशिरा यायचे, अर्धवट यायचे. इन्स्टाग्राम आलं २०१३ च्या शेवटी, तेही 'बीटा' म्हणून. यूट्यूबचं ॲप मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिलं, तर २०१३ मध्ये गूगलने अटींवर बोट ठेवून ते बंद पाडलं. प्रतिस्पर्ध्याच्या बाजारात आपलं दुकान टाकायचं की नाही हे प्रतिस्पर्धीच ठरवत होता.

शेवट भराभर झाला. सप्टेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा ५४४ कोटी युरोंना घ्यायचं ठरवलं, एप्रिल २०१४ मध्ये व्यवहार पुरा झाला. श्रीपेरुंबुदूरचा कारखाना करवादात अडकला म्हणून व्यवहारातून बाहेर राहिला. मायक्रोसॉफ्टने काम देणं थांबवलं आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून तिथलं उत्पादन बंद झालं. हजारो तरुण कामगार घरी गेले. एस्पो, लंडन आणि रेडमंडच्या बैठकांची किंमत तमिळनाडूतल्या पोरापोरींनी मोजली.

जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या धंद्यापोटी ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकले, म्हणजे घेतला त्या किमतीहून जास्त. २०१९ संपताना व्हॉट्सॲपनेही विंडोज फोनवर काम करणं बंद केलं. आपल्याकडे त्यानंतर कुणाला तो फोन वापरायची सोय उरली असेल असं वाटत नाही. आणि नोकिया? त्या नावाचे फोन २०१७ मध्ये दुसऱ्या कंपनीने परत आणले. अँड्रॉइडवर.

बाकीच्यांची गत

एचपीने २०१० मध्ये १२० कोटी डॉलरला पाम घेतली, वेबओएसवरचा टॅबलेट २०११ मध्ये काढला आणि सात आठवड्यांत गुंडाळला. ब्लॅकबेरीने २०१३ मध्ये नवी प्रणाली आणली, २०१५ मध्ये स्वतःच अँड्रॉइड फोन काढला, आणि ४ जानेवारी २०२२ ला जुन्या फोनच्या सेवा बंद केल्या.

मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसची गोष्ट आपल्या जवळची आहे. २०१४ मध्ये भारतात त्यावरचा फोन १,९९९ रुपयांना मिळत होता. कल्पना छान होती, सगळं वेबवर चालवायचं. पण व्हॉट्सॲप नव्हतं, मग कोण घेणार? २०१५ च्या शेवटी मोझिलाने हात वर केले. त्याच्याच कोडमधून पुढे कायओएस निघालं आणि २०१७ मध्ये जिओफोनवर आलं. जिओफोनवरही सुरुवातीला व्हॉट्सॲप नव्हतं. सप्टेंबर २०१८ मध्ये आलं, तोवर कोट्यवधी फोन लोकांच्या हातात गेले होते. बाजाराचं गणित पुन्हा तेच: आधी गिऱ्हाईक दाखवा, मग दुकान टाकतो.

कुलूप कुणी लावलं

इथवर सगळं आपोआप झाल्यासारखं वाटेल. तसं नाही. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कुणीही घ्यावा. पण प्ले स्टोअर खुलं नाही. ते हवं तर गूगलचे करार मान्य करावे लागत, आणि त्यांत अशी अट असे की त्या कंपनीने अँड्रॉइडची वेगळी, स्वतंत्र आवृत्ती असलेले फोन विकायचे नाहीत. सप्टेंबर २०१२ मध्ये एसर कंपनी अलीबाबाच्या अलीयुन प्रणालीचा फोन शांघायमध्ये जाहीर करणार होती. गूगलचा दबाव आला आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला.

युरोपियन आयोगाने या करारांवरून जुलै २०१८ मध्ये गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला (पुढे न्यायालयाने तो थोडा कमी केला). आपल्या स्पर्धा आयोगाने एप्रिल २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२२ ला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, दहापैकी चार निर्देश रद्द झाले. ॲपलचं कुलूप तर उघडच आहे: बाजार एकच, मालक एकच, आणि मालकाचा कट ठरलेला.

या तारखा जरा शेजारी मांडून बघा. फायरफॉक्स ओएस गेलं २०१५ ला. विंडोज फोनचा कारभार २०२० च्या आरंभी आटोपला. ब्लॅकबेरी बंद झालं जानेवारी २०२२ मध्ये. आपला निकाल आला ऑक्टोबर २०२२ मध्ये. पंच शिट्टी घेऊन मैदानात आले तेव्हा समोरचा संघ घरी जाऊन झोपला होता.

मग सरकारने काय करावं?

"आपली स्वदेशी प्रणाली काढा" हे उत्तर लगेच येतं. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या आवारातून भारओएसची घोषणा झालीच. पण वरचा सगळा इतिहास सांगतो की प्रणाली लिहिणं हा त्यातला सोपा भाग आहे. मायक्रोसॉफ्टला ती लिहिता येत नव्हती का? अवघड आहे तो बाजार भरवणं. हुआवेने ते करून दाखवलं, पण अमेरिकेने २०१९ मध्ये निर्बंध लादल्यावर, दुसरा मार्गच उरला नाही म्हणून, आणि चीनची अवाढव्य बाजारपेठ पाठीशी होती म्हणून.

माझ्या मते आपल्यासाठी त्याआधीची, स्वस्तातली पायरी वेगळी आहे. या बाजारातला सगळ्यात मोठा दुकानदार आज सरकार आणि बँका आहेत. त्यांनी एखादी सेवा फक्त ॲपवर ठेवली की तिसऱ्या पर्यायाच्या दारावर ते स्वतःच आणखी एक कुलूप लावतात. साधा फोन वापरणारी आजी आणि नवी प्रणाली काढणारा तरुण, दोघंही एकाच दाराबाहेर उभे राहतात.

२०२० चा मे आठवा. आरोग्य सेतू अँड्रॉइड आणि आयफोनवर २ एप्रिलला आलं. १ मेच्या केंद्राच्या आदेशात ते नोकरदारांना सक्तीचं झालं. साध्या फोनवाल्याने करायचं काय? जिओफोनवरचं ॲप आणि साध्या फोनसाठी १९२१ हा क्रमांक सक्तीच्या आदेशानंतर, त्याच महिन्यात आला. १७ मेच्या आदेशात सक्तीची भाषाही सैल झाली. म्हणजे मधले काही दिवस, कायद्याचं पालन करायला विशिष्ट दोन बाजारांपैकी एकाचा फोन लागत होता.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. *९९# हा क्रमांक फिरवून इंटरनेट नसलेल्या फोनवरून बँकेचं काम होतं. मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आलं. म्हणजे इच्छा असली की जमतं.

म्हणून मागणी साधी असावी. जी सेवा सरकार देतं किंवा सक्तीची करतं, ती ॲपशिवायही मिळाली पाहिजे: ब्राउझरमधून, एसएमएसवरून, नाहीतर सरळ फोन करून. कुठलीही प्रणाली असो, ब्राउझर सगळ्यांवर असतो. असा नियम झाला तर उद्या कुणी नवा फोन काढला तर निदान सरकारी कामांसाठी तो पहिल्या दिवसापासून उपयोगाचा असेल.

अँड्रॉइड घ्यायचा की आयफोन, ते तुमचं तुम्ही ठरवा. किती वर्षं अपडेट मिळणार तेवढं मात्र विचारून घ्या. आणि पुढच्या वेळी कुठल्या कार्यालयात "ॲप डाउनलोड करा" असं सांगितलं, तर एवढं विचारा: "ॲपशिवाय होतं का?" नाही म्हणाले तर लेखी द्यायला सांगा.