तात्या विंचूची भीती कुठे गेली? 'झपाटलेला' आणि 'झपाटलेला २'

या भागाची ही लिखित प्रत. वाशीच्या खाडीपुलावर नेटवर्क गेलं आणि भाग अर्धवट राहिला अशा सगळ्या पनवेल लोकलवाल्यांसाठी खास. बोलतानाची भाषा थोडी नीट केली आहे, बाकी जसंच्या तसं.

आधीच सांगून टाकतो, आज दोन्ही चित्रपटांच्या कथेबद्दल बोलणार आहे, शेवटाबद्दलसुद्धा. 'झपाटलेला' न पाहिलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय, पण असाल तर आधी बघून या.

आजचा प्रश्न साधा आहे. १९९३ चा 'झपाटलेला' आणि २०१३ चा 'झपाटलेला २'. दिग्दर्शक तोच, महेश कोठारे. बाहुला तोच. आवाज तोच, दिलीप प्रभावळकरांचा. मध्ये वीस वर्षं गेली, तंत्र कितीतरी पुढे गेलं, दुसरा भाग तर थ्रीडीत आला. मग घाबरायला पहिल्यालाच का होतं? "लहानपणी पाहिला म्हणून" हे उत्तर मला पुरत नाही. कारण मी तो आजही बघतो, सगळं पाठ आहे, तरी काही ठिकाणी पोटात गोळा येतोच.

आधी थोडं स्लॅशरबद्दल

स्लॅशर म्हणजे एक खुनी, त्याच्या हातात धारदार काहीतरी, आणि एकामागून एक पडणारी माणसं. या प्रकाराला खरी बाजारपेठ मिळवून दिली १९७८ च्या 'हॅलोविन'ने. जॉन कार्पेंटरचा हा चित्रपट साधारण तीन लाख डॉलरमध्ये झाला, हॉलिवूडच्या मानाने चणे-फुटाणे. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा रबरी मुखवटा, पांढरा रंगवलेला. संगीत दिग्दर्शकाने स्वतःच केलं. दोन वर्षांनी 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला, तोही साडेपाच लाख डॉलरच्या आसपास. दोन्ही तुफान चालले.

मग निर्मात्यांनी जे करायचं तेच केलं. १९८१ मध्ये दोघांचेही दुसरे भाग आले, जास्त पैशात. आणि इथेच एक पॅटर्न दिसायला लागतो. 'हॅलोविन'मध्ये मायकल मायर्स त्या मुलीच्या मागे का लागलाय हे कोणी सांगत नाही, आणि ते न कळणंच भीतीदायक आहे. दुसऱ्या भागात कारण सांगितलं: ती त्याची बहीण. कारण कळलं आणि भीती निम्मी झाली. 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा तिसरा भाग १९८२ मध्ये चक्क थ्रीडीत आला. जेसनचा तो प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा तिथूनच सुरू झाला. म्हणजे खुनी पोस्टरवरचा हिरो झाला.

हा पॅटर्न लक्षात ठेवा: पैसा वाढतो, कारणं सांगितली जातात, थ्रीडी येतं, आणि खुनी लाडका होतो.

चकीचा तात्या कसा झाला

१९८८ मध्ये टॉम हॉलंडचा 'चाइल्ड्स प्ले' आला. गोळी लागलेला गुंड मरताना मंत्र म्हणतो, त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो, बाहुला एका लहान मुलाकडे पोचतो. बाहुल्यात राहून राहून तो तिथेच अडकणार, म्हणून ज्याला सगळ्यात आधी आपलं गुपित सांगितलं त्याच्याच शरीरात शिरायचं, असा नियम. ओळखीचं वाटतंय ना? बरोबर. 'झपाटलेला' त्यावरूनच आला, यात लपवण्यासारखं काही नाही.

पण कोठारेंनी केलेला एक बदल बघा. अमेरिकन चित्रपटात बाहुला अँडी नावाच्या लहान मुलाकडे जातो. बाहुला बोलतो असं तो सांगतो, पण मोठी माणसं ऐकत नाहीत, कारण तो लहान आहे. मराठीत बाहुला आला लक्ष्याकडे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. वाढलेला माणूस. मग त्याच्यावर का कोणी विश्वास ठेवणार नाही? कारण त्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद! शब्दभ्रमकाराने येऊन सांगितलं की "हा बाहुला स्वतःच बोलतो", तर लोक हसणारच. त्यात हा लक्ष्या, गावाला हसवणारा. तो जितका जीव तोडून सांगतो तितका तो वेडा ठरतो.

कथेच्या दृष्टीने मला हा बदल जबरदस्त वाटतो. मूळ चित्रपटातली अडचण तशीच ठेवून तिचं कारण मात्र इथल्या मातीतलं शोधलंय. शब्दभ्रम ही कला आपल्याकडे आधीपासून घरोघरी माहीत होती, त्याचं श्रेय यशवंत केशव पाध्ये यांना. त्यांचा अर्धवटराव आजी-आजोबांच्या पिढीनेही पाहिलाय. १९६७ पासून ही कला पुढे नेली त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी. आपल्या इंजिनीअर मंडळींसाठी एक गोष्ट: रामदास पाध्ये शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनीअर. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा त्यांचाच, आणि तात्या विंचूही त्यांचाच.

एक बाहुला, तीन माणसं

आता मुद्द्यावर येतो. पडद्यावर तात्या विंचू जिवंत होतो तेव्हा एकाच वेळी तीन माणसं काम करत असतात.

पहिला हात. पाध्ये बाहुला हलवतात. 'चाइल्ड्स प्ले'च्या चकीसाठी केव्हिन येगरची टीम होती, रिमोटवर चालणारे यांत्रिक चेहरे होते, काही शॉटमध्ये पोशाख घातलेला बुटका कलाकार होता. त्या चित्रपटाचं बजेट कोटीच्या घरात, तेही डॉलरमध्ये. त्या काळच्या मराठी चित्रपटाला यातलं काय परवडणार? इथे भिस्त होती ती बाहुलीकाराच्या हातावर. मान किती वळवायची, कुठे थांबायचं, ही त्या हाताची अक्कल.

दुसरा आवाज. सुरुवातीला माणूस म्हणून दिसणारा तात्याही प्रभावळकरच. दोन वर्षांपूर्वी 'चौकट राजा'मधला नंदू करणारा, पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी होणारा हा माणूस. बाहुल्याचा चेहरा फारसा बदलत नाही, त्यामुळे राग, लाडीगोडी, धमकी सगळं आवाजातूनच यावं लागतं.

तिसरी नजर. लक्ष्याची. हे आपण मोजतच नाही. शूटिंगच्या वेळी त्याच्यासमोर असतं लाकूड, कापड आणि रबर. त्याकडे बघून त्याला घाम फुटला पाहिजे. आणि तो हे विनोदी चित्रपटात करतोय! मागचं वाक्य हसवणारं, पुढचं घाबरवणारं. तुमचं-माझं लक्ष बाहुल्याकडे असतं, पण बाहुला खरा आहे हे आपण ठरवतो ते लक्ष्याच्या चेहऱ्यावरून. तो घाबरला की आपण घाबरतो.

हे पडताळून बघायला एक तयार उदाहरण आहे. १९९६ मध्ये त्याच 'चाइल्ड्स प्ले'वरून हिंदीत 'पापी गुडिया' आला. करिश्मा कपूर होती, म्हणजे स्टारची कमतरता नव्हती. आज तो कोणाला आठवतो? मूळ एकच, दोन नकला. एक विसरली गेली आणि दुसरी इतकी आपली झाली की हिंदीत डब होऊन 'खिलौना बना खलनायक' म्हणून गाजली. फरक कथेत नाही, या तीन माणसांत आहे.

२०१३: दोन आहेत, तिसरा नाही

लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. त्यामुळे 'झपाटलेला २' लिहायला बसताना पहिलीच अडचण ही, की तात्याला ज्याचं शरीर हवंय तो माणूसच नाही. चित्रपटाने ही अडचण टाळली नाही, कथेतच घेतली. लक्ष्या गेलाय, मग तात्याची नजर त्याच्या मुलावर, आदित्यवर. आदित्यचं काम आदिनाथ कोठारेने केलं, म्हणजे दिग्दर्शकाच्या मुलाने लक्ष्याचा मुलगा केला. हे मला मनापासून आवडलं. दुसऱ्या नटाला लक्ष्या म्हणून उभं केलं नाही, त्याची जागा रिकामी ठेवली.

बाकी चित्रपटही टाकाऊ नाही. जत्रेची पार्श्वभूमी आहे, मकरंद अनासपुरेचे विनोद आहेत, सोनाली कुलकर्णी आणि सई ताम्हणकर आहेत. हात पाध्येंचा, आवाज प्रभावळकरांचा. तीनपैकी दोन भाग शाबूत. तरी भीती उतरली, आणि माझ्या मते त्याची दोन कारणं.

एक, तिसरी नजर गेली. आदिनाथ चांगलं काम करतो, पण तो हिरो आहे. हिरो लढेल हे आपल्याला माहीत असतं. लक्ष्या लढेल याची खात्री कधीच नव्हती. पहिल्या भागात भुवयांच्या मधोमध नेमकी गोळी घालायला इन्स्पेक्टर महेश जाधव लागतो, लक्ष्याच्या वाट्याला फक्त भोगणं येतं.

दोन, आता सगळ्यांनाच माहीत आहे. थिएटरमधल्या प्रत्येकाला तात्या ठाऊक. पहिल्या भागात लक्ष्या एकटा होता, त्याचं कोणी ऐकत नव्हतं. दुसऱ्यात बाहुल्याची एंट्री झाली की शिट्ट्या वाजतात. ज्याच्यासाठी शिट्टी वाजते त्याला घाबरायचं कसं? जेसनचं जे झालं तेच तात्याचं झालं. आज तो व्हॉट्सॲप स्टिकर आहे.

थ्रीडीचं जुनं दुखणं

थ्रीडीसाठी कोठारेंना नावं ठेवणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. या माणसाला पहिल्यापासून तंत्राची ओढ. १९९० चा त्यांचा 'धडाकेबाज' मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जातो. 'झपाटलेला २' मराठीतला पहिला थ्रीडी. मराठी प्रेक्षकाला कमी प्रतीचं का द्यायचं, हा त्यामागचा हट्ट मला दिसतो.

पण भयपट आणि थ्रीडी यांची जोडी आपल्याकडेही जुनी. १९८४ मध्ये रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' कमी पैशात येऊन प्रचंड चालला. त्याच वर्षी मल्याळममध्ये 'माय डिअर कुट्टीचातन' हा भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट आला. रामसेंनी दोन्ही जोडले. 'पुराना मंदिर'मधल्या सैतानाचं नाव आणि तोच नट, अजय अगरवाल, घेऊन १९८५ मध्ये 'थ्रीडी सामरी'. कथा वेगळीच, नाव तेवढं ओळखीचं. आज लोकांना 'पुराना मंदिर' आठवतो, 'सामरी' फक्त माझ्यासारख्या भयपटवेड्यांना.

आणि आता गंमत बघा. आज तुम्ही 'झपाटलेला २' कुठे बघणार? सहा इंचाच्या फोनवर, सपाट. थ्रीडीसाठी कॅमेऱ्याकडे मुद्दाम आणलेल्या वस्तू तिथे उगाच येऊन जातात, कारण चष्माच नाही. १९९३ च्या चित्रपटातला लक्ष्याचा चेहरा मात्र फोनवरही तितकाच चालतो. ज्यावर जास्त खर्च झाला ते आधी जुनं झालं.

आणि आता एआय

हे सगळं आज सांगण्याचं कारण आहे. तिसऱ्या भागाची चर्चा अधूनमधून होतच असते. आणि आता गेलेल्या कलाकाराचा चेहरा, आवाज कॉम्प्युटरवर तयार करणं शक्य झालंय. मी याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हे किती झपाट्याने सोपं होतंय ते रोज बघतो. उद्या कोणी म्हणेल, लक्ष्याला परत आणू.

चेहरा येईल, आवाजही येईल. कुटुंबाची परवानगी, हक्क, मानधन हे प्रश्न आहेतच आणि ते आधी सुटले पाहिजेत. पण समजा सुटले. तरी जे काम लक्ष्या करत होता ते होईल का? त्याचं काम चेहरा दाखवणं नव्हतं. समोरची निर्जीव वस्तू जिवंत आहे यावर आधी स्वतः विश्वास ठेवायचा आणि मग आपल्याला ठेवायला लावायचा, हे त्याचं काम. कॉम्प्युटरने बनवलेला लक्ष्या समोर उभा केला तर एका बाहुल्यासमोर दुसरा बाहुला उभा राहील. मग त्या दोघांवर विश्वास ठेवणारा तिसरा कोण?

माझं मत विचाराल तर २०१३ मध्ये रिकामी ठेवलेली ती जागा तशीच राहू द्यावी. तिसरा भाग आला तर मी पहिल्या दिवशी जाणार, तात्या भेटला तर शिट्टीही वाजवणार. फक्त बाहुल्यासमोर एखादा नवा जिवंत माणूस उभा करा, ज्याला खरंच घाम फुटेल.

तुमचं काय मत? 'झपाटलेला'मधला कुठला प्रसंग तुम्हाला आजही घाबरवतो, ते व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात काही निवडून ऐकवेन. आणि हो, एक काम करा: पहिला भाग पुन्हा लावा, पण या वेळी तात्याकडे बघूच नका. फक्त लक्ष्याकडे बघा.

भेटू पुढच्या भागात.